संकरित गाईंचा उलटणारा गोचीड ताप: इंजेक्शनच्या आधी काय तपासावे

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. गाईला ताप आला, गोचीड तापाचे इंजेक्शन दिले, चार-सहा दिवस ती वैरणीला लागली आणि आता पुन्हा रवंथ बंद करून उभी आहे; किंवा ही गाय सावरली, पण शेजारच्या दावणीची गाय तापली आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या दूधपट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना होल्स्टीन आणि जर्सी संकरित गाईंच्या गोठ्यांत हे दुखणे उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत इतक्या वेळा समोर येते की त्याची तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे आता ठरून गेले आहे. तो क्रम येथे देत आहे. पहिल्या तपासण्या पशुपालकाने स्वतः करण्याजोग्या आणि जवळजवळ फुकट आहेत, शेवटच्या प्रयोगशाळेतच होतात, आणि या दोहोंच्या मध्ये येणारा काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब सर्वांत मोलाचा आहे. कारण तो इंजेक्शनपूर्वी घेतला नाही, तर नंतर घेऊन त्यातून फारसे काही कळत नाही.

लक्षणे

सुरुवात सर्वांची सारखीच होते. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, दूध एक-दोन धारांतच निम्म्यावर येते, गाय आंबोणाला तोंड लावत नाही, कान पाडून उभी राहते आणि श्वास जलद होतो. यापुढे मात्र रक्तात कोणता जंतू शिरला आहे, त्यानुसार वाटा फुटतात. थायलेरियाच्या आजारात ताप उतरण्याचे नाव घेत नाही, खांद्यापुढची लसिका ग्रंथी सुजते, डोळ्यांतून पाणी गळते, खोकला व धाप लागते आणि पापणीच्या आतल्या बाजूस टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसू लागतात. बबेसियाच्या आजारात लघवी लाल किंवा काळपट तपकिरी होते. ॲनाप्लाझ्माच्या आजारात लघवी लाल होत नाही. गाय हळूहळू पांढरी पडते, मग पिवळी पडते, शेण कडक होते आणि वजन डोळ्यांदेखत घटते. ट्रिपॅनोसोमाच्या आजारात, म्हणजे सर्ऱ्यात, ताप येतो, जातो आणि पुन्हा येतो, पायांवर व गळ्याच्या पोळीवर सूज येते, आणि काही जनावरे गोल फिरतात किंवा भिंतीला डोके टेकवून उभी राहतात. सर्रा म्हशींनाही चांगलाच भोवतो.

पहिल्या तीन आजारांचा फैलाव मुख्यतः गोचिडांमुळे होतो, तर सर्रा रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या पसरवतात. थायलेरियावर चालणारे बुपार्वाक्वोन ॲनाप्लाझ्माला लागू पडत नाही, ॲनाप्लाझ्मा दाबणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन बबेसियासाठी पुरेसे नाही, आणि बबेसिया व सर्ऱ्यावर वापरले जाणारे डिमिनाझिन थायलेरियाचा आजार बरा करत नाही. असे असताना तिन्ही औषधे एकामागून एक टोचून काहीतरी लागू पडेल अशी आशा धरण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. तिने खर्च वाढतो हे खरेच; त्याहून मोठे नुकसान असे, की गाय बरी झाली तरी गोठ्यात नेमके काय आहे हे शेवटपर्यंत कळत नाही आणि पुढच्या गाईच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

थर्मामीटर आणि वही

सर्वांत स्वस्त तपासणी ही आहे, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही हीच. गाईचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. थर्मामीटर शेणाच्या गोळ्यात न घुसवता गुदाशयाच्या भिंतीला टेकेल असा तिरपा धरावा, आणि मोजणी सकाळी उन्हे चढण्यापूर्वी व सायंकाळी, सावलीत करावी. कारण कडक उन्हात पत्र्याखाली बांधलेली होल्स्टीन गाय कोणताही आजार नसताना १०३ अंश दाखवू शकते. तापाचे औषध देण्यापूर्वीचा आकडा वहीत लिहावा. मेलॉक्सिकॅम दिल्यानंतर मोजलेला ताप त्या औषधाचा परिणाम सांगतो, आजाराची चाल सांगत नाही.

सलग नोंदींचा खरा उपयोग तिवा वेगळा काढण्यासाठी होतो. तिवा हा विषाणूचा आजार असून तोही चावणाऱ्या कीटकांमुळेच पसरतो. त्यात अचानक जोराचा ताप येतो, अंग आखडते, गाय आज एका पायाने तर उद्या दुसऱ्या पायाने लंगडते, आणि बहुसंख्य जनावरे साधारण तीन दिवसांत आपोआप उभारी धरतात. पावसाळ्यात गोचीड तापाचे इंजेक्शन ‘लागू पडले’ असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते, त्यांपैकी बऱ्याच गाई माझ्या मते तिव्याच्या असतात. श्रेय औषधाला मिळते आणि तीच सुई पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर निघते. लंगडणे आहे, लसिका ग्रंथी सुजलेली नाही, लघवी स्वच्छ आहे आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तर रक्तजंतूंच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. गाय बसकण मारून असेल, तर मात्र तिवा असला तरी पशुवैद्यकाला दाखवावे लागते.

त्याच वहीत आणखी काही गोष्टी लिहाव्यात: गाय कधी विकत आणली, कधी व्यायली, लसीकरण कधी झाले, आणि त्या वेळी साऱ्या गोठ्याला एकच सुई वापरली होती का. थायलेरियाची लक्षणे गोचीड चावल्यानंतर साधारण दहा दिवस ते तीन-साडेतीन आठवड्यांनी दिसतात, तर ॲनाप्लाझ्माला त्याहून अधिक, कधी महिना-दीड महिना लागतो. बाजारातून आणलेली गाय तिसऱ्या आठवड्यात तापली, किंवा सामुदायिक लसीकरणानंतर महिन्याभराने एकाच ओळीतील गाई पांढऱ्या पडू लागल्या, तर हे अंतरच निम्मे निदान सांगून जाते. ॲनाप्लाझ्मा रक्ताने माखलेल्या सुईने, शिंगे कापण्याच्या किंवा कानात बिल्ला मारण्याच्या हत्यारानेही एका जनावरातून दुसऱ्यात जातो.

डोळे, खांदे आणि शेपटीखालची जागा

पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा आणि लगेच शेजारच्या निरोगी गाईचाही पाहावा. एकट्या गाईच्या रंगावरून ठरवले तर नजर फसते. दोन गाई शेजारी ठेवून पाहिल्या की फिकटपणा लपत नाही. निरणाची, म्हणजे शेपटीखालच्या योनिद्वाराची, आतली बाजूही पाहावी, कारण डोळा चुरचुरत असेल तर पापणी लाल दिसते आणि रक्त कमी झाल्याचे झाकले जाते. फिकटपणासोबत पिवळेपणा असेल, तर लाल पेशी शरीरातच फुटत आहेत असे समजावे.

त्यानंतर हात खांद्याच्या सांध्याच्या थोडा पुढे ठेवून कातडीखाली दाबत वर-खाली फिरवावा. तेथील ग्रंथी निरोगी गाईतही हाताला लागते, पण ती लांबट आणि मऊसर असते. थायलेरियात ती लिंबाएवढी आणि कधी त्याहूनही मोठी, घट्ट व दुखरी होते. कानाखाली आणि मागच्या मांडीच्या पुढे, कुशीच्या खालच्या टोकाला असलेल्या ग्रंथीही चाचपाव्यात आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. या तपासणीला महत्त्व अशासाठी, की थायलेरिया प्रथम लसिका पेशींत वाढतो आणि लाल पेशींत नंतर उतरतो. म्हणून आजाराच्या पहिल्या दिवसांत रक्त स्वच्छ दिसत असतानाही सुजलेली ग्रंथी खरे बोलत असते.

येथे एक सावधगिरी हवी. लम्पी त्वचारोगातही ताप व ग्रंथींची सूज आधी येते आणि अंगावरच्या गाठी नंतर उठतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात ही साथ सर्वदूर पसरली, तेव्हा पहिल्या दिवशी दोन्ही आजार सारखेच दिसत. मानेवर, पाठीवर आणि कासेवर उलटा हात फिरवून बारीक गाठी लागतात का, हे सलग दोन-तीन दिवस पाहावे आणि तोवर गाय वेगळी बांधावी.

लघवी बाटलीत धरावी

लाल लघवी दिसली की बबेसिया, असे गृहीत धरले जाते, आणि ते नेहमीच बरोबर नसते. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत लघवी धरून अर्धा-एक तास हलवाहलव न करता ठेवावी. लाल थर तळाशी बसला आणि वरचा भाग निवळला, तर त्यात सबंध रक्तपेशी आहेत, म्हणजे मूत्राशय किंवा मूत्रपिंडातून रक्तस्राव होत आहे. तो तपास वेगळ्या दिशेने जातो. सबंध लघवी एकसारखी लाल-तपकिरी राहिली आणि वर फेस टिकला, तर रक्तवाहिन्यांतच पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरला आहे.

अशी लघवी आणि सोबत ताप असेल, तर बबेसियाची शक्यता सर्वांत पुढे येते. ताप नसेल, तर दोन प्रश्न विचारावेत. गाय किंवा म्हैस व्यायल्यानंतर दोन ते चार आठवड्यांतील आणि भरपूर दूध देणारी आहे का? तसे असेल तर स्फुरदाच्या कमतरतेने होणारा लाल लघवीचा आजार आधी पाहावा लागतो. आणि तिला कांदा घातला होता का? नाशिक, अहिल्यानगर भागात भाव पडला की चाळीतला कांदा जनावरांपुढे जातो. कांद्यातील गंधकयुक्त घटकांनी लाल पेशी फुटतात, गाय फिकट पडते आणि लघवी काळपट लाल होते. पण ताप नसतो आणि श्वासाला कांद्याचा वास येतो. अशा गाईला डिमिनाझिन टोचून काहीच साधत नाही, वर आधीच थकलेल्या शरीरावर आणखी एका औषधाचा भार पडतो. कांदा बंद करून पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आधार देणे हाच तेथे उपाय आहे.

गोचीड शोधताना

‘आमच्या गोठ्यात गोचीडच नाहीत’ हे वाक्य प्रत्येक गोठ्यात ऐकू येते आणि मी त्यावर कधी विसंबत नाही. पाठीवर व मानेवर गोचीड दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे होत नाही. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, निरणाभोवती, कास आणि मांडी यांच्या खोबणीत आणि पोळीच्या घडीत बोटे फिरवून पाहावे. शिवाय ताप येईपर्यंत चावलेले गोचीड रक्त पिऊन गळून गेलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

कोणत्या जातीचे गोचीड सापडले यावरून पुढचा रोख ठरतो. पायांवर फिकट पट्टे असलेले, तपकिरी, लांब तोंडाचे आणि चपळ गोचीड हायलोमा जातीचे असतात. तेच थायलेरिया पसरवतात. ते आयुष्यातील काही अवस्था जनावरावर आणि बाकीचा काळ भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, गव्हाणीच्या फटींत काढतात. लहान, आखूड तोंडाचे आणि रक्त पिऊन राखाडी-निळसर फुगणारे ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस जातीचे गोचीड तिन्ही अवस्थांत एकाच जनावरावर राहतात, साधारण तीन आठवड्यांत वाढ पूर्ण करून गळतात, आणि प्रत्येक मादी जमिनीवर दोन-तीन हजार अंडी घालते. बबेसिया याच जातीतून येतो आणि तो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी अमेरिकेतील गुरांच्या टेक्सास तापाचा छडा लावला, तेव्हा अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांनीही रोग होतो, हे त्यांना दिसले होते. थायलेरिया अंड्यांतून जात नाही. पिलाने किंवा मधल्या अवस्थेने आजारी अथवा वाहक गाईचे रक्त प्यावे आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या गाईला चावावे, असा त्याचा प्रवास आहे. गाय बरी होऊनही गोठा बरा का होत नाही, याचे उत्तर या दोन साखळ्यांत आहे.

गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नयेत. माणसाला होणारा क्रिमियन-काँगो ताप हायलोमा गोचिडांतून पसरतो आणि भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद २०११ मध्ये गुजरातमध्ये झाली. हातमोजे घालून चिमट्याने काढलेले गोचीड साबणाच्या दाट पाण्यात टाकावेत, आणि दोन-चार नमुने स्पिरिटच्या बाटलीत ठेवून पशुवैद्यकाला दाखवावेत.

काचपट्टीवरचा रक्तलेप

येथवरच्या तपासण्यांनी संशय पक्का होतो. निदान रक्तलेपानेच होते. तो घेण्यास पशुवैद्यक किंवा पशुधन पर्यवेक्षक लागतो, पण सामग्री अगदी थोडी आहे आणि गाईला इंजेक्शनपेक्षा अधिक त्रास नाही. इंजेक्शन देण्यासाठी कोणी गोठ्यात आलेच आहे, तर आधी लेप घ्या, अशी विनंती पशुपालकाने अवश्य करावी.

रक्त कानाच्या टोकाजवळच्या बारीक वाहिनीतून घेतात. केस कापून जागा स्पिरिटने पुसल्यानंतर ती पूर्ण सुकू द्यावी, कारण ओल्या स्पिरिटने पेशी विस्कटतात. अगदी लहान थेंब काचपट्टीच्या एका टोकाला घेऊन दुसरी पट्टी तिरपी धरून एकाच हालचालीत पुढे सरकवली की जिभेच्या आकाराचा पातळ थर मिळतो. जाड थरात पेशी एकमेकींवर चढतात आणि आतले जंतू दिसत नाहीत. लेप हवेत झटकन सुकवावा. पावसाळ्यात तो हळू सुकला तर पेशींवर पाण्याचे सूक्ष्म ठिपके राहतात आणि नवशिक्या डोळ्यांना तेच जंतू वाटतात. सुकत असताना त्यावर माश्या बसू देऊ नयेत, कारण गोठ्यातली माशी काही क्षणांत लेप चाटून भोके पाडते. त्यानंतर मिथाइल अल्कोहोलमध्ये तो पक्का करावा, जाड टोकावर पेन्सिलीने गाईचा बिल्ला क्रमांक व तारीख लिहावी, आणि एका गाईच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात. फॉर्मॅलिनची बाटली आणि काचपट्टी एकाच डब्यात ठेवू नये. तिच्या वाफेने पुढे रंग नीट चढत नाही.

हे सर्व औषधापूर्वीच का, तर डिमिनाझिनने बबेसिया रक्तातून एखाद्या दिवसात दिसेनासा होऊ शकतो आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनने ॲनाप्लाझ्मा दबतो. मग अहवाल ‘जंतू आढळले नाहीत’ असा येतो, तो खराही असतो, आणि तरीही निरुपयोगी ठरतो.

सर्ऱ्याचा संशय असेल तर सुकलेल्या लेपाबरोबर ताज्या रक्ताचा थेंब काचेखाली लगेच पाहावा लागतो. त्यात जंतू जिवंत असून पेशींना ढकलत वळवळताना दिसतो. ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तो प्रथम सापडला. ताप उतरलेला असताना हे जंतू रक्तात फार थोडे असतात. म्हणून ताप चढलेला असतानाच रक्त घ्यावे, आणि येथे पुन्हा वहीच कामाला येते.

काचपट्टी रंगवण्याचे काम प्रयोगशाळेचे आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी स्वतः रंगवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. जिएम्सा रंग बोअरवेलच्या जड पाण्यात कालवला की पेशी निळसर होतात आणि जंतूंचे केंद्रक उठून दिसत नाही. साधारण ७.२ सामू असलेल्या बफरमध्ये तो कालवला की फरक लगेच दिसतो.

अहवाल हाती आल्यावर

सूक्ष्मदर्शकाखाली बबेसिया बायजेमिना लाल पेशीच्या आत नाशपातीच्या आकाराच्या जोडीने दिसतो, थायलेरिया बारीक कडी किंवा स्वल्पविरामासारखा, ॲनाप्लाझ्मा पेशीच्या कडेला एका गडद ठिपक्यासारखा, आणि ट्रिपॅनोसोमा पेशींच्या बाहेर लांबट, लाटेसारखा. या चौघांत ॲनाप्लाझ्माबाबत सर्वाधिक घोटाळा होतो, कारण रंगाचा कण, पेशीवर बसलेली बिंबिका (प्लेटलेट) किंवा रक्तक्षयात तरुण पेशींत राहिलेला केंद्रकाचा अवशेष हे सारे ठिपक्यासारखेच दिसतात. गाय फिकट नाही, पिवळी नाही आणि तरी अहवालात ॲनाप्लाझ्मा असेल, तर दुसरी पट्टी दुसऱ्याकडून वाचून घेण्यात गैर काही नाही.

त्याहून नाजूक प्रश्न थायलेरियाचा आहे. या आजारातून उठलेली गाय पुढे अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे, रक्तात थोडे जंतू बाळगून निरोगी राहते. तिला उद्या कासदाहाने ताप आला आणि रक्तलेप पाहिला, तर त्यात थायलेरिया सापडेल. पण ताप त्याचा नसेल. म्हणून ‘थायलेरिया आढळला’ या शब्दांना सुजलेली ग्रंथी, सतत चढता ताप आणि घटलेले रक्त यांची जोड हवी. उलट बाजूने, या तिन्ही गोष्टी आहेत आणि रक्त स्वच्छ आहे, अशा वेळी पशुवैद्यक सुजलेल्या ग्रंथीतून सुईने थोडा द्रव घेऊन त्याचा लेप पाहतात. तेथे लसिका पेशींत वाढणाऱ्या अवस्था सापडल्या, तर सक्रिय आजाराबद्दल शंका राहत नाही. हे काम पशुपालकाने करण्याचे नाही.

रक्त गोठू न देणारे ईडीटीए असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्तावर लाल पेशींचे प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, काढता येते. निरोगी गाईत ते साधारण २४ ते ४६ टक्के असते. ते १५ टक्क्यांच्या खाली जाऊ लागले की जंतूंवरचे औषध बरोबर असूनही गाय दगावू शकते आणि रक्त चढवण्याचा विचार करावा लागतो. हा आकडा हाती नसेल, तर लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या चढवत राहणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

जंतूंचा डीएनए शोधणारी पीसीआर ही सर्वांत महागडी आणि सर्वांत संवेदनशील तपासणी. ती वाहक गाईही पकडते, म्हणूनच एका आजारी गाईपुरता तिचा उपयोग मर्यादित राहतो. गोठ्यात दरवर्षी आजार उलटत असेल, औषध लागू पडत नसेल किंवा कोणत्या जातीचा थायलेरिया आहे हे ठरवायचे असेल, तेव्हा ती करावी. पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभाग आणि मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे नमुना पाठवण्याची वाट स्थानिक दवाखान्यातूनच जाते. रक्ताची नळी बर्फासोबत पाठवावी, पण गोठू देऊ नये. काचपट्ट्या बर्फात ठेवू नयेत.

येथे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरच्या तपासण्या थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे: १०४ अंशांवरचा ताप एक दिवसाहून अधिक टिकणे, लाल लघवी, पापणी कागदासारखी पांढरी होणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, गोल फिरणे किंवा डोके भिंतीला लावणे, उठता न येणे, आणि गाय शेवटच्या महिन्यांची गाभण असेल किंवा वासरू लहान असेल तर केवळ ताप आणि चारा सोडणे एवढेही पुरे. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. रक्त फार कमी झालेल्या गाईला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नये; तेवढ्या श्रमानेही ती रस्त्यात कोसळू शकते. गळ्याखाली झपाट्याने वाढणारी सूज आणि घरघर असेल तर तो घटसर्प असू शकतो आणि तेथे तासांचा हिशेब असतो. आणि जनावर अचानक मेले, नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर फाशी रोगाची शक्यता धरून शवाला हात लावू नये, ते फाडू नये, रक्तलेपाचा विचारही मनात न आणता थेट दवाखान्याला कळवावे.

औषधांच्या मात्रा मी येथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. डिमिनाझिन आणि बबेसियावरचेच दुसरे औषध इमिडोकार्ब यांत उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यातील अंतर कमी आहे, गाईचे वजन अंदाजाने धरले की ती कमी तरी पडते किंवा जास्त तरी होते, आणि कमी मात्रेने जंतू मरण्याऐवजी दबून राहतात. बुपार्वाक्वोनला दाद न देणारा थायलेरिया इराण आणि ट्युनिशियात नोंदला गेला आहे. आपल्याकडे ते औषध राखून वापरणे शहाणपणाचे. ताप लवकर उतरावा म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचण्याचा आग्रह तर पशुपालकाने कधीच धरू नये: त्याने प्रतिकारशक्ती दबते, वाहक गाईत जंतू पुन्हा उसळतात आणि गाभण गाय गाभडू शकते. उपचारानंतर किती दिवसांचे दूध डेअरीला घालायचे नाही, हे पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

तरीही ताप फिरून येत असेल तर

त्याच गाईला दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप आला, तर जुन्या अहवालावर विसंबून तेच औषध पुन्हा देऊ नये. नवा रक्तलेप घ्यावा. एका गाईत दोन जंतू असणे मुळीच दुर्मीळ नाही. थायलेरियाने थकलेल्या गाईत आधीपासून दबलेला ॲनाप्लाझ्मा डोके वर काढतो आणि दुसरा ताप पहिल्याचाच वाटतो.

दरवेळी वेगळी गाय तापत असेल, तर औषधापेक्षा भिंतींकडे वळावे. हायलोमा असलेल्या गोठ्यात केवळ गाईंवर फवारणी करून भागत नाही. भेगा सिमेंटने बुजवणे, गव्हाणीचे सांधे भरणे, दगडी भिंतींवर आगीची बंदूक फिरवणे (अर्थात कडबा आणि जनावरे दूर नेऊन) आणि मग चुना देणे यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही इंजेक्शनने पडत नाही. फवारणीसाठी १२.५ टक्के अमिट्राझ सामान्यतः लिटरला २ मिली या प्रमाणात वापरतात. तरी बाटलीवरचे प्रमाण वाचावे आणि गाईंना आधी भरपूर पाणी पाजावे, म्हणजे ओले अंग चाटण्याचा धोका कमी होतो. कान, शेपटीचे मूळ आणि कासेच्या खोबणी ओल्या झाल्या नाहीत तर ती फवारणी झाली असे मी धरत नाही. मायक्रोप्लस गोचीड तीन आठवड्यांत गळून अंडी घालत असल्यामुळे दुसरी फवारणी त्याआधी, साधारण पंधरा दिवसांनी, गोठ्यातील सर्व जनावरांवर एकाच दिवशी करावी. डेल्टामेथ्रिनला न जुमानणारे गोचीड आता देशाच्या अनेक भागांत आहेत. नीट फवारूनही दुसऱ्या दिवशी गोचीड जिवंत असतील, तर मात्रा वाढवण्याऐवजी पशुवैद्यकाला विचारून औषधाचा गट बदलावा.

थायलेरियासाठी पेशीसंवर्धनातून तयार केलेली लस भारतात आहे. ती द्रव नत्रात गोठवून ठेवावी लागते, त्यामुळे सर्वत्र सहज मिळत नाही. संकरित वासरे दोन महिन्यांपुढची झाली की दवाखान्यात तिची चौकशी करावी. बाजारातून आणलेली गाय तीन आठवडे वेगळी बांधावी, पहिल्याच दिवशी तिचा रक्तलेप घेऊन ठेवावा आणि तिचे तापमान रोज वहीत उतरावे. तपासणीत वाहक ठरलेली पण खातीपिती आणि दूध देणारी गाय विकण्याचे कारण नाही; तिला व्यायण्याच्या सुमारास अधिक जपावे, कारण त्या ताणात जंतू पुन्हा वाढतात, आणि तिच्या अंगावर गोचीड राहू देऊ नयेत, कारण पुढच्या कालवडीपर्यंत रोग तेथूनच पोहोचतो.